तीन मिनिटांचा डेमो

१९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावरचे एकच चित्र जसेच्या तसे साठवायचे तर त्याला ६२,२०,८०० बाइट जागा लागते. ६४ किलोबाइट म्हणजे ६५,५३६ बाइट, त्या एका चित्राचा जेमतेम पंचाण्णवावा भाग. एवढ्याशा जागेत काही मिनिटे चालणारे हलते दृश्य, त्यातला उजेड आणि सावल्या, कॅमेऱ्याची वाट आणि जोडीला पूर्ण लांबीचे संगीत बसवणारी माणसे युरोपात आहेत, आणि त्यांची परंपरा १९८०च्या दशकापासूनची आहे. ती जे बनवतात त्याला डेमो म्हणतात. डेमो ही आधी चित्रित करून ठेवलेली फीत नसते. तो एक प्रोग्रॅम असतो. चालू केला की संगणक त्या त्या क्षणी हिशेब करून प्रत्येक चित्र नव्याने रंगवतो. तो गेमही नसतो, कारण पाहणाऱ्याच्या हाती कसलेही नियंत्रण नसते. पण आकार, प्रकाश, हालचाल, ध्वनी असे गेमच्या पोटात जे जे लागते ते सगळे त्यात असते, आणि ते करणाऱ्यांना बहुधा एक पैसाही मिळत नाही. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनी व पोलंडने २०२१ मध्ये ही परंपरा आपापल्या देशाच्या जिवंत सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली. फावल्या वेळात संगणकावर केलेल्या कामाला लोककलांच्या आणि सणांच्या रांगेत बसवणारी ही नोंद आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षात आली नाही, याचे मला वाईट वाटते.

मीरा-भाईंदरमध्ये राहून, नोकरी किंवा कॉलेज सांभाळून गेम बनवू पाहणाऱ्यांचा विचार करताना हा डेमो मला फार महत्त्वाचा वाटतो. २०११च्या जनगणनेतच या शहराची वस्ती आठ लाखांच्या वर गेली होती. एका टोकाला उत्तनच्या होड्या, भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे, घोडबंदर रस्त्याकडे मालिकांचे सेट, आणि मधल्या दाट इमारतींत सकाळची लोकल पकडणारी माणसे. अशा घरांतून रात्री जेवणे आटोपल्यावर लॅपटॉप उघडून काहीतरी घडवत बसणारी मुलेमुली आज आहेत. त्यांना हत्यारांची अडचण आता उरलेली नाही. त्रिमितीय आकार घडवणारे ब्लेंडर २००२ पासून मुक्त आहे. अर्जेंटिनातल्या दोघांनी घडवलेले गोडो हे गेम इंजिन २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. शिकवणारे व्हिडिओ हवे तेवढे मिळतात. तरीही मित्रमैत्रिणींनी मिळून हाती घेतलेले गेम बहुतेकदा अर्ध्यावर राहतात. माझे म्हणणे असे की ते कौशल्याअभावी राहत नाहीत, बंधनाअभावी राहतात. पगार देणाऱ्या स्टुडिओत काय करायचे, काय सोडून द्यायचे आणि कधी थांबायचे हे कोणीतरी ठरवतो आणि इतरांना ते मानावे लागते. हौशी गटात तो अधिकार कोणाकडेच नसतो. सगळ्यांनी आधीच कबूल केलेली मर्यादा, एवढी एकच गोष्ट तिथे त्या अधिकाराची जागा घेऊ शकते. म्हणून हौशी मंडळींनी मोठा गेम हाती घेण्याआधी एक लहान डेमो मिळून पुरा करावा, आणि शहराने त्यांना त्यासाठी एक तारीख आणि एक पडदा द्यावा.

आधी वेळेचा हिशेब मांडू. भाईंदर ते चर्चगेट तास-सव्वा तास, परतीचा तेवढाच, शिवाय दोन्ही टोकांची पायपीट किंवा रिक्षा. एवढे करून आठवड्याला आठ तास स्वतःच्या कामासाठी काढणारा माणूस मी चिकाटीचा मानेन. असे चौघे जमले आणि वर्षाचे पन्नास आठवडे टिकले, तर हाती येतात १,६०० तास. दिवसाला आठ तास आणि वर्षाला अडीचशे दिवस काम करणारा एक पगारी माणूस २,००० तास देतो. चौघांच्या अख्ख्या वर्षाची बेरीज एका नोकरदाराच्या दहा महिन्यांइतकीही होत नाही. शिवाय हे तास तुकड्यातुकड्यांत मिळतात; गेल्या रविवारी कुठे थांबलो होतो हे आठवण्यातच प्रत्येक बैठकीचा काही भाग जातो. आणि मराठी मुलांच्या मनातला पहिला गेम कोणता असतो? बहुधा शिवकालीन, मोकळ्या मुलखाचा: गड, घाट, घोडे, रात्रीचे छापे, शेकडो माणसे. या स्वप्नाविषयी मला आदर आहे, पण त्याला लागणारे तास आणि हाती असलेले तास यांच्यात एवढे अंतर आहे की तिथे प्रामाणिक कष्टही निराशेकडेच नेतात. याच्या शेजारी तीन मिनिटांचा डेमो ठेवून पाहावा. तिघे जण, आठवड्याचे आठ तास, आठ आठवडे म्हणजे १९२ तास. पडद्यावरच्या १८० सेकंदांपैकी प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला तासाहून थोडा अधिक वेळ येतो. एवढ्या वेळात चांगले काम होऊ शकते.

पूर्णवेळ काम करणाऱ्यांनाही मोठा गेम किती जड जातो हे पाहायला महाराष्ट्राबाहेर जायला नको. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी २०१७ मध्ये सुरू केलेले हे काम. पहाडी लघुचित्रांच्या रंगरेषा त्यात आहेत, छायाबाहुल्यांच्या धर्तीवर सांगितलेली कथा आहे, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकनही मिळाले. पण २०१७ मध्येच या मंडळींनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली तेव्हा ठरवलेली रक्कम जमली नव्हती. त्या मागणीबरोबर त्यांनी खेळून पाहता येईल असा एक छोटा तुकडा लोकांपुढे ठेवला होता. गेमच्या व्यवसायात त्यालाही डेमोच म्हणतात, आणि मी ज्याविषयी लिहितो आहे त्याचा तो चुलत भाऊ आहे. मला त्या घटनेतून जाणवते ते हे की पैसे आले नाहीत तरी पूर्ण झालेला एक तुकडा जगापुढे होता. कल्पना कितीही मोठी असली तरी ती दुसऱ्याला दाखवता येत नाही. तुकडा दाखवता येतो. अनुभवी आणि पूर्णवेळ माणसांना ज्याचा आधार लागला तो आधार रविवारपुरत्या जमणाऱ्या गटाला कितीतरी अधिक लागेल.

मर्यादा माणसांना एकत्र कसे ठेवते याचा सर्वांत चांगला पुरावा फिनलंडच्या फ्युचर क्रू या गटाच्या ‘सेकंड रिअ‍ॅलिटी’ या डेमोत आहे. १९९३च्या असेम्ब्ली या मेळाव्यात तो पहिला आला. वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, गटाने त्याचा सगळा कोड खुला केला, आणि आत पाहणाऱ्यांना एक नवलाची गोष्ट दिसली. हा एकसंध वाटणारा डेमो म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या स्वतंत्र छोट्या प्रोग्रॅमची माळ होती. कोणी सी भाषा वापरली होती, कोणी मेळाव्याच्याच नावाची असेम्ब्ली भाषा, कोणी पास्कल. एकमेकांच्या कोडला हात लावायची फारशी गरजच पडू नये अशी रचना होती. सगळ्यांना समान होती ती फक्त एक गोष्ट: मागे चालणारे संगीत आणि त्याच्या कोणत्या ठेक्यावर आपला भाग सुरू होतो, कोणत्या ठेक्यावर संपतो हे सांगणारी एक छोटी व्यवस्था. पर्पल मोशन आणि स्कावेन या टोपणनावांच्या दोघांनी केलेले ते संगीत सगळ्यांना बांधत होते. मला हे फार शिकवणारे वाटते. आपल्याकडे गट जमला की पहिली बैठक कोणते इंजिन, कोणती भाषा, फोल्डरची नावे कशी यावर खर्ची पडते, आणि त्या वादातच एकदोघे गळतात. फ्युचर क्रूने एकवाक्यता फार थोड्या गोष्टींवर मागितली आणि त्या थोड्यांवर मात्र तडजोड केली नाही. ठेका चुकला तर तुमचा भाग कितीही देखणा असो, तो सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो. तिथे कोणाला रागवावे लागत नाही. संगीत पुढे निघून गेलेले असते.

दुसरी पायरी जर्मनीच्या फारब्राउश गटाने दाखवली. त्यांचा ‘द प्रॉडक्ट’ हा ६४ किलोबाइटचा डेमो २००० सालचा. भिंतींवरचे पोत, दगडांचे खरखरीतपण हे चित्र म्हणून साठवायला त्यात जागाच नव्हती, म्हणून त्यांनी ते घडवायची कृती साठवली. काढलेल्या रांगोळीचा फोटो ठेवण्याऐवजी किती ठिपके मांडायचे आणि कोणत्या ठिपक्याला कोणता जोडायचा एवढेच लिहून ठेवावे तसे. पण कृती लिहिणे हे कोडरचे काम, आणि रंगरूपाची जाण असलेला माणूस कोडर असेलच असे नाही. म्हणून गटातल्या कोडरांनी आधी आपल्या चित्रकारांसाठी एक अवजार बनवले. चौकटी एकमेकींना जोडून, आकडे कमीजास्त करून चित्रकाराला कृती स्वतः घडवता येईल असे. जागेच्या टंचाईमुळे कोडरला चित्रकाराचा विचार करावा लागला. जागा मुबलक असती तर चित्रकाराने फाइल पाठवली असती, कोडरने ती जोडली असती आणि दोघांची खरी भेट झालीच नसती. सहकार्याचा अर्थ मी असा घेतो: दुसऱ्याला त्याचे काम नीट करता यावे म्हणून आपल्या कामाचा आकार बदलणे. सुटसुटीत परिस्थितीत ही गरज क्वचित पडते.

हे सगळे परक्यांचे उद्योग, आपल्याला त्यांचे काय, असे कोणी म्हणेल तर मी त्याला आपल्या हौशी रंगभूमीकडे बोट दाखवीन. सरकारी नाट्यस्पर्धा १९५४ पासून, महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री रंगणारी चतुरंगची सवाई एकांकिका स्पर्धा तर मुंबईकरांच्या अंगवळणी पडलेली. एकांकिकेला ठरलेली वेळ असते, नेपथ्य लावायला आणि काढायला मोजकी मिनिटे असतात, आणि तारीख कोणासाठी पुढे जात नाही. या तीन अटींनी मराठी रंगभूमीला किती माणसे दिली हे वेगळे सांगायला नको. ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात पहिल्यांदा झाले ते हौशी संस्थेकडून. दिग्दर्शक जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर, नाना रंगवणारे मोहन आगाशे मानसोपचाराचे, आणि दिग्दर्शनात हातभार लावणारे सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे अभ्यासक. मोठे नेपथ्य नव्हते. माणसांची रांगच भिंत झाली, पडदा झाली, आणि तीच त्या नाटकाची ओळख ठरली. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्ये त्या रांगेला चालवत होती. इथेही सगळ्यांना बांधणारी गोष्ट लयच होती, हे मला केवळ योगायोगाचे वाटत नाही. दिवसभराची नोकरी संपवून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या माणसांना हुकूम करता येत नाही, पण ताल देता येतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येण्यासारखा नाही. नाटकाला आशय असतो, माणसे असतात, संघर्ष असतो. डेमोत फिरणारे घनाकार आणि चमकणारे बोगदे यांपलीकडे काय असते? खरे सांगायचे तर अनेक डेमोंत तेवढेच असते. नुसते कौशल्य दाखवण्यासाठी केलेले काम पाहताना दाद जाते, मन हलत नाही. पण दोष प्रकाराचा नाही, विषय न शोधण्याचा आहे. २००९ मध्ये आलेल्या ‘एलिव्हेटेड’ या डेमोत बर्फाळ डोंगररांगांवरून कॅमेरा जातो. ढगांतून येणारा उजेड, दरीतली धूसरता, सगळे अवघ्या ४ किलोबाइटमध्ये. तो पाहताना कौशल्याचा विसर पडतो आणि डोंगर उरतो. त्याच्या कर्त्यांपैकी इन्यिगो किलेझ यांनी पुढे २०१३ मध्ये पोल जेरेमियास यांच्याबरोबर शेडरटॉय सुरू केले, जिथे कोणीही ब्राउझरमध्ये असा कोड लिहून पाहू शकतो. डोंगर त्यांचे. आपल्या शहराकडे काय आहे हा प्रश्न आपण आपल्याला विचारायला हवा, आणि माझ्यापुरते त्याचे उत्तर आहे मिठागर.

भाईंदर-मीरारोडच्या कडेची मिठागरे अनेकांना लोकलच्या दारातून दिसतात आणि बहुतेकांच्या लेखी ती पुढे इमारती होणारी मोकळी जमीन असते. ग्राफिक्सच्या दृष्टीने मात्र ती एक अपूर्व जागा आहे. एकसारखे चौकोनी वाफे, मधले मातीचे बांध, वाफ्यांत बोटभर पाणी, त्यात आभाळ. संगणकावर हे दृश्य उभे करताना शेडर नावाचा छोटा प्रोग्रॅम पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला विचारतो: या जागी, या क्षणी रंग कोणता? १९२० बाय १०८०चा पडदा आणि सेकंदाला ६० चित्रे धरली तर हा प्रश्न सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार वेळा विचारला जातो, आणि एका संपूर्ण चित्राला मिळतात सुमारे १६.७ मिलिसेकंद. वाफा मात्र एकदाच लिहायचा. जमिनीवरच्या अंतराला वाफ्याच्या लांबीने भागून फक्त बाकी घेतली की तोच वाफा क्षितिजापर्यंत पुन्हा पुन्हा उमटतो. पण असे मिठागर खोटे दिसेल, कारण बांध हाताने घातलेले असतात, पायांनी झिजलेले असतात. ती वाकडीतिकडी सच्चाई आणायला केन पर्लिन यांनी १९८०च्या दशकात शोधलेली पद्धत आहे, जिच्यासाठी त्यांना १९९७ मध्ये ऑस्करचा तांत्रिक सन्मान मिळाला. ती बेभरवशाचे आकडे असे देते की शेजारचे आकडे एकमेकांना धरून राहतात, आणि बांध मऊ, मातीचा, चालून चालून खचलेला दिसतो. स्थिर पाण्यातले प्रतिबिंब तर गणिताने सर्वांत सोपे: नजरेची दिशा पाण्यावर आपटवून वर वळवायची आणि तिथे आभाळ काय आहे ते विचारायचे.

आणि इथेच आशय मिळतो, तोही बाहेरून न आणता. भरतीचे पाणी आत घेतात, ते एका टाक्यातून दुसऱ्यात जाते, उन्हाने दाट होत जाते, आणि शेवटच्या उथळ वाफ्यांत मीठ धरू लागते. पावसाळा संपल्यावर सुरू झालेले हे काम पुढच्या पावसाआधी आटोपावे लागते. तीन मिनिटांत हे सगळे महिने बसवले तर डेमोला सुरुवात, चढ आणि शेवट आपोआप मिळतो: निळे पाणी, मग तपकिरी, मग कडेला पांढरी रेघ, मग पांढरे शेत, आणि पहिला पाऊस, ज्यात सगळे विरघळते. एकाने पाणी लिहावे, दुसरीने बांध आणि आभाळ, तिसऱ्याने मिठाचे स्फटिक, चौथीने संगीत. कॅमेऱ्याची वाट मात्र सगळ्यांनी संगीत ऐकत मिळून ठरवावी. यात एकही पात्र नाही, एकही संवाद नाही, म्हणजे मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू बोलणाऱ्या चार घरांतली चार मुले भाषांतराशिवाय हे करू शकतात. मग यात मराठी काय, असे विचारले जाईल. मिठागराची माहिती ज्यांच्याकडे आहे ती माणसे मराठी बोलतात, आगरी बोलतात. वाफ्यात पाणी किती ठेवतात, बांध कशाने घट्ट करतात, मीठ धरल्याचे कशावरून कळते हे विचारायला या मुलांना त्यांच्या दारात जावे लागेल, आणि डेमोच्या शेवटी येणाऱ्या नावांत त्यांचीही नावे असावी लागतील. सार्वजनिक आयुष्यात भाषेला जागा मिळते ती अशा कामांच्या बोलण्यातून, हे मी अगदी मनापासून मानतो.

आता खिशातल्या साध्या फोनमध्ये १२८ गिगाबाइट असताना ६४ किलोबाइटचा हट्ट कशाला, हा प्रश्न उरतो. माझे उत्तर असे की आकडा पवित्र नाही. ६४ किलोबाइट असो, तीन मिनिटे असो, २००९ मध्ये सुरू झालेल्या ग्लोबल गेम जॅमने रुजवलेली ४८ तासांची मुदत असो, मर्यादा कोणतीही चालेल; फक्त ती काम सुरू होण्याआधी ठरलेली आणि मोजता येण्यासारखी हवी. तिचे काम यंत्राची बचत करणे हे पूर्वी होते. आज तिचे काम वाद मिटवणे हे आहे. ‘हे पण घालूया’ म्हणणाऱ्या उत्साही मित्राला ‘नको’ म्हणणे अवघड असते. जागा संपली आहे हे दाखवणे सोपे असते. कृत्रिम बुद्धिमत्तेने तर ही गरज वाढवली आहे. आता सांगितले की चित्र मिळते, सूर मिळतात, चालणारा कोडही मिळतो, म्हणजे निवडीचा ढीग आणखी वाढतो आणि निवडायचे कोणी हा प्रश्न अधिक टोकदार होतो. अशी साधने वापरू नयेत असे माझे म्हणणे नाही. पण चार किलोबाइटमध्ये पाणी लिहिताना पाणी पाहावे लागते, आणि ते पाहणे दुसऱ्या कोणाकडून करून घेता येत नाही.

पालकांचा आक्षेप वेगळा असतो: यातून नोकरी मिळेल का? गेम या शब्दाला आधीच पैसे लावून खेळण्याच्या ॲप्सनी काळिमा लावला आहे. त्या ॲप्सवर केंद्र सरकारला २०२५ मध्ये बंदीचा कायदा करावा लागला. त्याच वर्षी मुंबईत वेव्हज ही मोठी परिषद भरली आणि राज्याने ॲनिमेशन व गेमिंगसाठी धोरण मंजूर केले, त्यामुळे करिअरच्या बोलण्याला जोर आला आहे. दाखले द्यायचे तर आहेत. फ्युचर क्रूमधल्या मंडळींनी १९९५ मध्ये रेमेडी ही कंपनी काढली, जिने ‘मॅक्स पेन’ बनवला. स्वीडनची डाइस ही कंपनीही ‘द सायलेंट्स’ या डेमो गटातूनच १९९२ मध्ये उभी राहिली. पण मला हे दाखले पुढे करायला आवडत नाहीत. एकांकिका करणाऱ्या हजारोंपैकी थोडेच व्यावसायिक नट झाले. बाकीचे बँकेत, शाळेत, दवाखान्यात गेले आणि त्यांनी केलेली एकांकिका वाया गेली असे आपण कधी म्हणत नाही. तेच लोक पुढे तिकीट काढून नाटकाला बसले आणि मराठी प्रेक्षक जाणता राहिला. ग्राफिक्सच्या बाबतीत आपल्याकडे करणारे थोडे आहेत याहून मोठी उणीव ही की पाहणारा जाणता प्रेक्षक नाही. तो शासकीय धोरणातून तयार होत नाही. शेजारच्या मुलीने लिहिलेले पाणी मोठ्या पडद्यावर हलताना पाहून तो तयार होतो.

म्हणून शेवटी जागेचा प्रश्न. मीरारोडला लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे. वर्षातली एक संध्याकाळ तिथे डेमोंसाठी ठेवावी, असे मला सुचवायचे आहे. घरबसल्या इंटरनेटवरून पाठवता येत असताना सभागृह कशाला, असे म्हणतील. पण डेमो करणारी मंडळी अजूनही जर्मनीत ईस्टरच्या सुट्टीत रिव्हिजन या मेळाव्याला आणि फिनलंडमध्ये असेम्ब्लीला प्रत्यक्ष जमतात, कारण अंधारात शेकडो लोकांबरोबर पाहिल्याशिवाय आपला कोणता सेकंद लांबला आणि कोणता टाळी घेऊन गेला हे कळत नाही. नियम थोडे असावेत. लांबी तीन मिनिटे. शेवटी कोड, चित्र, संगीत कोणाचे याची नावे, आणि ज्याचा कोड घेतला त्याचेही नाव. गटातली बहुतेक भांडणे या यादीवरूनच होतात, म्हणून ती काम सुरू करतानाच लिहून ठेवावी. बक्षीस द्यायचेच असेल तर परीक्षकांना ते न देण्याची मुभा असावी. २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडक कोणत्याच संघाला दिला गेला नाही, आणि त्या कठोरपणामुळे करंडकाची किंमत वाढलीच. सर्वांत जास्त विचार मात्र स्पर्धेच्या संगणकाचा करावा. आयोजकांना तो झगमगीत, महागड्या ग्राफिक्स कार्डाचा आणण्याचा मोह होईल. तो टाळून वेगळे कार्ड नसलेला साधा लॅपटॉप ठेवावा, जसा यात उतरणाऱ्या बहुतेकांच्या घरी असतो, आणि त्याचे मॉडेल सहा महिने आधी जाहीर करावे. ज्याच्याकडे महाग यंत्र आहे त्यालाही मग आपले पाणी, आपले आभाळ त्या १६.७ मिलिसेकंदांत बसवावे लागेल, आणि ज्याच्याकडे नाही त्याला आपले काम पडद्यावर कसे दिसेल हे घरीच, रात्री अकरा वाजता, तपासून पाहता येईल.